ब्रिटिश स्पीडवेच्या दुसऱ्या श्रेणीचा हंगाम कसा पाहावा

ब्रिटनमध्ये वसंत ऋतूच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरपर्यंत कुठल्या ना कुठल्या गावात संध्याकाळी स्पीडवेचा, म्हणजे मातीच्या लंबगोल ट्रॅकवरील मोटारसायकल शर्यतींचा, सामना रंगलेला असतो. विश्वविजेतेपदाच्या ग्रांप्री फेऱ्या आणि पोलंडमधील श्रीमंत लीग यांच्यावर जगाचे लक्ष असते. परंतु हा खेळ आतून समजून घ्यायचा असेल, तर ब्रिटिश लीगची दुसरी श्रेणी, म्हणजे सध्याची ‘चॅम्पियनशिप’, हे त्यासाठी सर्वांत योग्य ठिकाण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. या श्रेणीचा एक संपूर्ण हंगाम कसा पाहावा, काय लिहून ठेवावे आणि कशाकडे दुर्लक्ष करावे, हे या लेखात सांगितले आहे. नवा प्रेक्षक गुणतक्त्यापासून सुरुवात करतो आणि तिथेच त्याचा गोंधळ होतो. दुसऱ्या श्रेणीत खरी गोष्ट तक्ता सांगत नाही. ती रायडरांच्या सरासऱ्यांमध्ये आणि प्रत्येक सामन्याच्या पंधरा हीटच्या, म्हणजे छोट्या शर्यतींच्या, नोंदीत असते.

श्रेणीचे स्वरूप आधी समजून घ्यावे

ब्रिटनमधील स्पीडवेची सुरुवात सामान्यतः १९ फेब्रुवारी १९२८ रोजी लंडनजवळच्या हाय बीच येथे झालेल्या शर्यतींपासून मोजली जाते. पुढच्याच वर्षी लीग सुरू झाल्या. १९६५मध्ये नॅशनल लीग आणि प्रोव्हिन्शियल लीग एकत्र येऊन ब्रिटिश लीग निर्माण झाली आणि १९६८मध्ये तिला दुसरा विभाग जोडला गेला. आजच्या दुसऱ्या श्रेणीची वंशावळ तिथून सुरू होते. त्यानंतर तिची नावे इतक्या वेळा बदलली की जुने आकडे वाचताना हमखास फसगत होते. १९९७ ते २०१६ या काळात दुसऱ्या श्रेणीला ‘प्रीमियर लीग’ म्हणत आणि तिच्या वर ‘एलिट लीग’ होती. २०१७पासून वरच्या श्रेणीला ‘प्रीमियरशिप’ आणि दुसरीला ‘चॅम्पियनशिप’ हे नाव मिळाले. त्यामुळे एडिनबरो संघाने २०१४ आणि २०१५मध्ये प्रीमियर लीग जिंकली, असे वाचल्यावर ती देशातील सर्वोच्च स्पर्धा होती, असा समज करून घेऊ नये.

फुटबॉलची सवय असलेल्या प्रेक्षकाने एक अपेक्षा सुरुवातीलाच सोडून द्यावी. येथे विजेता संघ आपोआप वर जात नाही आणि वरचा तळाचा संघ आपोआप खाली येत नाही. कोणत्या श्रेणीत खेळायचे हे क्लबचे प्रवर्तक, म्हणजे क्लब चालवणारे, आपली आर्थिक कुवत पाहून ठरवतात आणि बाकीचे प्रवर्तक त्याला मान्यता देतात. पूल हा एकेकाळी सर्वोच्च श्रेणीतील अत्यंत यशस्वी संघ होता. त्याने स्वतःहून दुसरी श्रेणी स्वीकारली आणि महामारीमुळे २०२०चा हंगाम वाया गेल्यानंतर २०२१मध्ये तिथले विजेतेपदही मिळवले. उलट लेस्टर २०१९मध्ये दुसऱ्या श्रेणीचा विजेता ठरला आणि वरच्या श्रेणीत गेला तो २०२३मध्ये, म्हणजे त्या विजेतेपदाचा त्याच्याशी थेट संबंध नव्हता. वर्किंग्टनची कथा तर याहून विलक्षण आहे. त्या संघाने २०१८मध्ये लीग, नॉकआउट चषक आणि शील्ड असे तिन्ही किताब एकाच हंगामात जिंकले आणि त्याच हिवाळ्यात क्लबला टाळे लागले. त्यामुळे या श्रेणीत बक्षीस विजेतेपदाचेच असते, पदोन्नतीचे नसते. अनेकांना हे रचनेतील वैगुण्य वाटते. मला तसे वाटत नाही, कारण त्यामुळे मोठा चाहतावर्ग असलेले संघ आणि गावकुसातले छोटे संघ एकाच मैदानात भेटतात.

एक संघ निवडावा, आणि त्याचा ट्रॅकही

संपूर्ण श्रेणी एकदम पाहण्याचा प्रयत्न करू नये. एक संघ निवडावा आणि हंगामभर त्याचेच घरचे व बाहेरचे सामने पाहावेत; बाकीचे संघ प्रतिस्पर्धी म्हणून आपोआप ओळखीचे होतात. संघ निवडताना त्याच्या नावापेक्षा ट्रॅककडे लक्ष द्यावे, कारण स्पीडवेमध्ये घरच्या मैदानाचा लाभ इतर खेळांपेक्षा फार मोठा असतो.

सगळे ट्रॅक लंबगोलाकार, बारीक खडीच्या ‘शेल’ने आच्छादलेले आणि घड्याळाच्या उलट दिशेने धावण्याचे असतात, पण साम्य इथेच संपते. एडिनबरो संघाने १९९७पासून ज्या आर्मडेलच्या मैदानावर शर्यती घेतल्या, तो ट्रॅक केवळ सुमारे २६० मीटरचा आहे. रेडकारचा सुमारे २७१, स्कनथॉर्पचा सुमारे २८५, पूलचा सुमारे २९९ आणि बेरिकचा सुमारे ३६८ मीटर. बेरिकचा ट्रॅक शील्डफील्ड पार्कमधील फुटबॉल मैदानाच्या भोवतीने जातो, म्हणून तो एवढा लांब आहे. (गाव इंग्लंडमध्ये असून तिथला फुटबॉल संघ स्कॉटलंडच्या स्पर्धांत खेळतो, ही त्या गावाची आणखी एक गंमत.) लांब ट्रॅकवर रायडर वेग राखून बाहेरच्या बाजूने मागून पुढे येऊ शकतो. लहान, घट्ट वळणांच्या ट्रॅकवर सुरुवात चुकली तर भरून काढायला जागाच उरत नाही. बेरिकमध्ये दहा गुण करणारा रायडर आर्मडेलमध्ये चारवर अडकला, तर तो आळसावला असे म्हणण्याआधी हे दोन आकडे आठवावेत.

सामन्याचा वारही पाहून ठेवावा. प्रत्येक क्लबची ठरलेली संध्याकाळ असते; पूलचे घरचे सामने बुधवारी आणि बेरिकचे शनिवारी, अशी परंपरा आहे. ही वाटणी सोयीपुरती नसते. एकच रायडर अनेकदा चॅम्पियनशिपमध्ये एका संघाकडून आणि प्रीमियरशिपमध्ये दुसऱ्या संघाकडून धावतो, आणि काही जण शिवाय पोलंड, स्वीडन किंवा डेन्मार्कमध्येही धावतात. आठवड्यातील वार वाटून घेतल्याशिवाय हे जमणारच नाही.

एक हीट वाचायला शिकावे

सामन्यात पंधरा हीट असतात. प्रत्येक हीटमध्ये दोन्ही संघांचे दोन-दोन असे चार रायडर ट्रॅकच्या चार फेऱ्या मारतात आणि साधारण एका मिनिटात सगळे संपते. पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ आणि चौथ्याला शून्य गुण. यजमान संघाचे रायडर लाल आणि निळे, तर पाहुणे पांढरे आणि पिवळे शिरस्त्राण-आवरण घालतात. पहिले काही सामने रायडरांची नावे विसरून केवळ रंग पाहावेत. एका मिनिटात चार नावे आणि चार चेहरे सांभाळण्याच्या नादात शर्यतच निसटते.

यंत्र आश्चर्यकारक वाटावे इतके साधे असते: ५०० सीसीचे एक सिलिंडरचे इंजिन, मिथेनॉल इंधन, एकच गिअर, किमान वजन ७७ किलो आणि ब्रेक अजिबात नाहीत. वळणावर वेग कमी करण्यासाठी रायडर मागचे चाक घसरवत गाडी आडवी करतो आणि लोखंडी तळ बसवलेला डावा बूट जमिनीवर टेकवून तोल राखतो. ब्रेक नसल्यामुळे मागच्याला पुढच्याच्या मागे अचानक थांबता येत नाही, त्यामुळे सगळे रायडर एकमेकांच्या वागण्यावर विश्वास ठेवूनच वळणात शिरतात. ब्रेक असते तर हा खेळ अधिक धोकादायक झाला असता, हे ऐकायला उलटे वाटले तरी खरे आहे.

हीट पाहताना नजर कुठे ठेवावी याला क्रम आहे. प्रथम टेपकडे, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवर आडव्या ताणलेल्या फितीकडे, पाहावे. रायडर टेपच्या मागे उभे राहतात, पायाने आपल्यापुढची माती उकरून चाकाला पकड मिळेल अशी जागा करतात, आणि पंचाने टेप वर उडवताच क्लच सोडतात. ठरलेल्या दोन मिनिटांत जो टेपपाशी तयार होत नाही तो वगळला जातो. टेपला हात किंवा चाक लागून ती तुटली, तर दोषी रायडरला बाजूला काढून राखीव रायडर आणता येतो किंवा त्यालाच १५ मीटर मागून सुरुवात करू दिली जाते. त्यानंतर पहिले वळण. निम्म्याहून अधिक हीटचा निकाल तिथे लागतो, म्हणून पहिल्या वळणातून बाहेर पडताना चौघांचा क्रम मनात पक्का करावा. पुढच्या तीन फेऱ्यांत मात्र पुढच्या रायडरापेक्षा त्याच्या जोडीदाराकडे पाहावे. पुढे गेलेला अनुभवी रायडर अनेकदा मुद्दाम आतली ओळ सोडून बाहेर सरकतो, मागच्या प्रतिस्पर्ध्याची वाट अडवतो आणि आपल्या जोडीदाराला आतून पुढे येऊ देतो. असे करताना त्याला स्वतःचा वेग सोडावा लागतो. संघासाठी धावणे म्हणजे काय, हे अशा हीटमध्ये दिसते, आणि ते पाहायला शिकल्यावर नुसती पुढेपुढे पळणारी हीट फिकी वाटू लागते.

रायडर पडला की लगेच शर्यत थांबेलच असे नाही. पडलेला रायडर पटकन उठून बाजूला झाला तर पंच शर्यत चालू ठेवतो. ट्रॅकवर अडथळा असेल तर लाल दिवे लागतात, दोषी ठरलेल्याला वगळले जाते आणि उरलेल्यांची शर्यत पुन्हा घेतली जाते. पहिल्याच वळणात सगळ्यांची गर्दी होऊन कोणा एकाचा दोष ठरवता आला नाही, तर चौघांनाही पुन्हा संधी मिळते. या निर्णयावर प्रेक्षकांत सर्वाधिक वाद होतो आणि तो होऊ द्यावा.

ट्रॅक संध्याकाळभर बदलत राहतो, हेही ध्यानात ठेवावे. सुरुवातीला पाणी मारलेली ओली माती आतल्या बाजूला असते. चाके ती हळूहळू बाहेर फेकतात आणि कुंपणाजवळ मऊ मातीचा पट्टा तयार होतो. मधल्या विश्रांतीत ट्रॅक्टर ती पुन्हा सारखी करतो. आतल्या गेटवरून, म्हणजे टेपमागच्या आतल्या जागेवरून, सुटणारा रायडर पहिल्या काही हीटमध्ये सहज जिंकत असेल आणि नंतर अचानक बाहेरच्या गेटवरचे जिंकू लागले, तर कारण बहुधा मातीत असते.

कार्यक्रमपत्रिका स्वतःच्या हाताने भरावी

मैदानावर मिळणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत पंधरा हीटचे रकाने कोरे असतात आणि प्रेक्षक ते पेनने भरतात. क्रिकेटचा स्कोअर वहीत टिपणाऱ्याला ही सवय परकी वाटणार नाही. घरी बसून पाहणाऱ्यानेही साध्या कागदावर तसेच रकाने आखून घ्यावेत. प्रत्येक रायडरापुढे त्याचे गुण, वगळलेल्यासाठी ‘एक्स’, पडलेल्यासाठी ‘एफ’, शर्यत सोडणाऱ्यासाठी ‘आर’, आणि हीटनंतर दोन्ही संघांची चालू बेरीज एवढे पुरते.

लिहिताना बोनस गुण विसरू नये, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. आपल्याच जोडीदाराच्या लगेच मागे, पण प्रतिस्पर्ध्याच्या पुढे येणाऱ्या रायडरला एक बोनस गुण मिळतो. लाल पहिला, निळा दुसरा, पांढरा तिसरा आणि पिवळा चौथा आला तर हीट ५–१ अशी यजमानांकडे जाते आणि निळ्याच्या नावावर २ गुण व १ बोनस लागतो. पांढरा पहिला, लाल दुसरा, निळा तिसरा असा क्रम लागला तर हीट ३–३ बरोबरीत सुटते, तरी निळ्याला १ गुणासोबत १ बोनस मिळतो. पण लाल पहिला, पांढरा दुसरा आणि निळा तिसरा असेल, तर निळ्याच्या लगेच पुढे प्रतिस्पर्धी असल्यामुळे बोनस नाही. हा बोनस संघाच्या धावफलकात धरला जात नाही. रायडरच्या मानधनात आणि सरासरीत मात्र धरला जातो. जोडीदाराला मुद्दाम मागे टाकून तिसऱ्याचा दुसरा होण्यात रायडरचा आर्थिक फायदा राहू नये, ही या तरतुदीमागची शहाणी कल्पना आहे.

सामान्यतः प्रत्येक हीटमध्ये सहा गुण वाटले जातात, म्हणजे सामन्यात एकूण ९०. अर्थात एखाद्या हीटमध्ये दोघेच शर्यत पूर्ण करू शकले तर ही बेरीज कमी होते. चौदा हीटनंतर ८४ गुण झालेले असतात. त्या वेळी ४४–४० असा निकाल असेल तर मागे असलेला संघ शेवटची हीट ५–१ने जिंकून ४५–४५ अशी बरोबरी साधू शकतो. ४५–३९ असेल तर सामना हातचा गेला. म्हणून चालू बेरीज लिहिताना फरक चारच्या आत आहे की बाहेर, हे कायम पाहत राहावे. पंधराव्या हीटसाठी प्रत्येक व्यवस्थापक आपले दोन रायडर त्या वेळी निवडतो आणि संध्याकाळचा फॉर्म कोणाचा, याबद्दलचे त्याचे खरे मत तिथे उघड होते. तेरावी हीटही चुकवू नये, कारण तिथे दोन्ही संघांचे १ आणि ५ क्रमांकाचे, म्हणजे सहसा सर्वांत बलवान, रायडर समोरासमोर येतात. दुसरी हीट मात्र राखीव रायडरांची असते. नवखे प्रेक्षक ती उरकण्यापुरती पाहतात. जाणकार तिच्यासाठीच वेळेवर येतात, कारण सामन्याचा कल अनेकदा ६ आणि ७ क्रमांकाचे हे राखीव रायडर ठरवतात.

सरासरी: हंगामाचा खरा कणा

रायडरची सरासरी काढण्याची रीत सोपी आहे. बोनससह मिळवलेले गुण भागिले धावलेल्या हीट, गुणिले चार. समजा एखाद्याने ५० हीटमध्ये ८२ गुण आणि ९ बोनस मिळवले. ९१ला ५०ने भागून चारने गुणले की ७.२८ येतात. एकही हीट न हरणाऱ्याची सरासरी १२ होईल, त्यामुळे प्रत्येक आकडा बाराच्या पट्टीवर वाचावा. चॅम्पियनशिपमध्ये नऊच्या आसपासचा रायडर संघाचा आधारस्तंभ असतो, सहा-सातचा विश्वासू, आणि तीन-चारचा बहुधा नवखा किंवा दुखापतीतून परतलेला.

हा आकडा केवळ कौतुकासाठी असता तर त्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. हंगामाआधी संघ बांधताना सातही रायडरांच्या सरासऱ्यांची बेरीज ठरलेल्या मर्यादेत बसवावी लागते. ही मर्यादा प्रवर्तक दरवर्षी ठरवतात आणि ती बदलत असते. सगळे उत्तम रायडर एकाच श्रीमंत क्लबकडे जाऊ नयेत, हा तिचा उद्देश. त्यामुळे व्यवस्थापकाला ‘चांगला’ रायडर नको असतो. आपल्या सरासरीपेक्षा चांगला धावणारा रायडर हवा असतो. सरासरी ४.५ असलेला एखादा ऑस्ट्रेलियन तरुण येत्या मोसमात ७वर जाईल, असा अंदाज ज्याने मार्चमध्ये बरोबर बांधला, त्याचा संघ ऑक्टोबरमध्ये विजेतेपदाच्या आसपास दिसतो. तेव्हा हंगामाच्या पहिल्या दिवशी आपल्या संघातील सातही रायडरांच्या सुरुवातीच्या सरासऱ्या लिहून घ्याव्यात आणि प्रत्येक महिन्याच्या अखेरीस शेजारच्या रकान्यात नवा आकडा लिहावा. त्या दोन रकान्यांतील फरक म्हणजेच तुमच्या संघाचा हंगाम.

सरासरीचा दुसरा परिणाम अधिक गंमतीचा आहे. हंगामात सुधारित सरासऱ्या लागू झाल्या की संघातील सर्वांत कमी सरासरीचे दोघे राखीव क्रमांकांवर जातात. मुख्य पाचांतील कोणी काही आठवडे वाईट धावला आणि घसरून राखीव झाला, तर ती संघासाठी आपत्ती वाटते. प्रत्यक्षात अनेकदा ती पर्वणी ठरते. आता त्याची गाठ प्रतिस्पर्ध्यांच्या कमकुवत रायडरांशी पडते आणि अपयशी जोडीदाराच्या जागी त्याला जादा हीटही देता येतात. फॉर्म परतलेला असा राखीव रायडर एकटा सामना फिरवू शकतो. सुधारित सरासऱ्या कधी लागू होणार, ती तारीख म्हणूनच सामन्यांच्या तारखांइतकीच ठळकपणे लिहून ठेवावी आणि त्या दिवशी केवळ आपल्याच नव्हे, तर पुढच्या प्रतिस्पर्धी संघातही कोण राखीव झाला ते पाहावे.

दोन श्रेणींत धावणाऱ्यांचे आकडे वेगळे धरावेत. प्रीमियरशिपमध्ये ज्याची सरासरी चारच्या घरात अडखळते, तो चॅम्पियनशिपमध्ये आठच्या वर असू शकतो. दुसऱ्या श्रेणीचे सामर्थ्यही यात दिसते: वर शिकायचे आणि खाली जिंकायची सवय लावून घ्यायची. २०१२चा विश्वविजेता क्रिस होल्डर आणि २०१७चा विश्वविजेता जेसन डॉयल हे दोघेही ऑस्ट्रेलियन ब्रिटनमध्ये आल्यावर आइल ऑफ वाइटच्या दुसऱ्या श्रेणीतील संघाकडून धावले. तीनदा विश्वविजेता ठरलेला टाय वॉफिंडनही राय हाउससाठी याच श्रेणीत घडला. आपल्या संघातील एकोणीस-वीस वर्षांच्या राखीव रायडरकडे थोडे अधिक लक्ष द्यावे, ते या कारणाने.

दुखापती, पाहुणे आणि तक्ता

स्पीडवेमध्ये हाड मोडणे दुर्मीळ नाही आणि संपूर्ण हंगाम तेच सात रायडर टिकवणारा संघ क्वचित सापडतो. रायडर अनुपस्थित असला की संघापुढे साधारण दोन मार्ग असतात: दुसऱ्या संघातील, सरासरीने त्याच्या बरोबरीचा किंवा खालचा रायडर त्या दिवसापुरता पाहुणा म्हणून आणावा, किंवा अनुपस्थिताच्या हीट स्वतःच्या इतर रायडरांमध्ये वाटून घ्याव्यात. नव्या प्रेक्षकाला पाहुण्याची पद्धत खटकते. परवा आपल्याविरुद्ध धावलेला आज आपल्या रंगात कसा, असा प्रश्न पडतो. तिचे सौंदर्य मलाही फारसे पटत नाही, पण तिच्याशिवाय निम्मे सामने एकतर्फी झाले असते. सामना पाहण्यापूर्वी संघयादीत पाहुणा कोण आहे आणि त्याचा घरचा ट्रॅक आजच्या ट्रॅकसारखा आहे का, एवढे तपासावे. लहान ट्रॅकवर लहान ट्रॅकचाच पाहुणा आणणारा व्यवस्थापक आपले काम जाणतो.

आता तक्त्याविषयी. पाऊस आला की सामना रद्द होतो, आणि ब्रिटनमध्ये पाऊस येतोच. त्यामुळे जूनअखेरीस एका संघाचे घरचे सामने जवळजवळ संपलेले असतात, तर दुसऱ्याचे निम्मेही झालेले नसतात. तक्त्याच्या शिखरावर असलेला संघ कदाचित फक्त घरीच खेळलेला असेल. म्हणून अधिकृत तक्त्याच्या शेजारी आपला छोटा तक्ता ठेवावा आणि त्यात प्रत्येक संघाने बाहेर किती सामने जिंकले व घरी किती हरले, एवढेच लिहावे. घरचा प्रत्येक सामना जिंकणे अपेक्षितच आहे, असे धरून चालावे. बाहेरचा विजय ही कमाई आणि घरचा पराभव हे नुकसान. या दोन आकड्यांवरून प्ले-ऑफमध्ये कोण जाईल याचा अंदाज अधिकृत गुणांपेक्षा लवकर येतो. विजयाला किती गुण आणि बाहेरच्या विजयाला किती, हे नियम अनेकदा बदललेले असल्याने त्या वर्षीचे नियम हंगामाच्या आरंभी एकदा वाचून घ्यावेत आणि जुन्या हंगामांच्या गुणांशी तुलना टाळावी. संघच मध्येच बंद पडण्याचीही तयारी ठेवावी. २०२२मध्ये न्यूकॅसलचा संघ हंगाम अर्ध्यावर असतानाच थांबला, आणि असे झाले की सगळ्यांचाच हिशेब नव्याने मांडावा लागतो.

नॉकआउट चषक आणि प्ले-ऑफ यांत दोन सामन्यांची बेरीज धरतात, त्यामुळे तिथे पाहण्याची रीत बदलावी. घरी ५०–४० जिंकलेला संघ बाहेर ४४–४६ हरला, तरी एकूण ९४–८६ असा पुढे जातो. पहिल्या सामन्यात पाहुणा संघ मोठ्या फरकाने मागे असतानाही शेवटच्या हीटमधील तिसऱ्या क्रमांकासाठी जिवाच्या आकांताने झगडतो, याचे कारण हेच. २०२३मध्ये ग्लासगोने विजेतेपद मिळवले तेही अशाच दुहेरी लढतीतून.

हंगामाचे वेळापत्रक आणि हिवाळा

मार्चमधील सराव आणि मैत्रीपूर्ण सामने गुणांसाठी पाहू नयेत. कोण नवे इंजिन वापरतो आणि कोण टेपवरून सुटताना चाचरतो, एवढे टिपावे. एप्रिल-मेमध्ये आकडे फार हलतात, म्हणून निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. जून ते ऑगस्ट हा हंगामाचा गाभा असून तेवढाच काळ देता येत असेल, तर तो द्यावा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्ले-ऑफ होतात. सोळा रायडरांनी प्रत्येकी पाच वेळा धावून वैयक्तिक विजेता ठरवण्याची स्पर्धाही पाहावी. तिथे संघाचा आधार नसताना कोण टिकतो हे कळते.

दूरवरून पाहणाऱ्यांसाठी ब्रिटिश स्पीडवे नेटवर्क ही सशुल्क सेवा या श्रेणीतील बरेच सामने थेट दाखवते. ब्रिटनच्या उन्हाळी वेळेनुसार संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना भारतात मध्यरात्री सुरू होतो, तेव्हा पंधराही हीट पाहायच्या असतील तर दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी ठेवावी. ते शक्य नसल्यास सकाळी हीटवार निकाल घेऊन कागदावर एकेक हीट लिहीत जावे. अंतिम गुणसंख्या आधी पाहू नये.

शेवटची शर्यत झाली की हंगाम संपला, असे समजू नये. नोव्हेंबरमध्ये प्रवर्तकांची वार्षिक बैठक होते, पुढच्या वर्षीची मर्यादा जाहीर होते आणि लिहून ठेवलेल्या सरासऱ्यांचा खरा उपयोग तेव्हा सुरू होतो. उदाहरणादाखल, आपल्या संघाच्या वर्षअखेरच्या सरासऱ्या ९.१०, ७.८५, ७.२८, ६.४०, ५.६०, ४.७५ आणि ३.९० अशा असून मर्यादा ४० ठरली, असे धरू. बेरीज ४४.८८ होते, म्हणजे हाच संघ पुन्हा उभा करता येणार नाही. ७.८५वाल्याच्या जागी ४.००चा रायडर घेतला तरी बेरीज ४१.०३ राहते, ४.७५च्या जागी ३.००चा घेतल्यावर ती ३९.२८वर येऊन संघ बसतो. जो संघ जितका यशस्वी, त्याची बेरीज तितकी फुगलेली आणि त्याला तितके अधिक रायडर सोडावे लागतात. क्लब नव्या रायडरांची नावे एकेक करून हिवाळाभर जाहीर करतात. प्रत्येक नाव आले की ठरलेल्या मर्यादेतून त्याची सरासरी वजा करावी. शेवटच्या दोन जागांसाठी किती उरले ते दिसते आणि तेवढ्या आकड्यात बाजारात कोण शिल्लक आहे, याचा शोध घेता घेता नवा मार्च येतो.